घणसोलीची उलटी माणसं

सातारा ते वाशी

घड्याळजीला कॅमेऱ्याचं वेड लागावं यात मला स्वतःला काही विचित्र वाटत नाही. कॅमेऱ्याचं शटर म्हणजे शेवटी स्प्रिंग, दातेरी चाकं आणि वेळच. साताऱ्यात माझं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे एकदा कोणीतरी बंद पडलेला फोल्डिंग कॅमेरा दुरुस्तीला टाकून गेला, तो परत आलाच नाही, आणि तिथून हे खूळ सुरू झालं. आता घरात डबा-कॅमेरे आहेत, झाकण उघडलं की पुढे नाक काढणारे फोल्डिंग आहेत, दोन डोळ्यांचे आहेत. बायको म्हणते, "पोरीला बघायला आलेली माणसं पोरीऐवजी कपाट बघत बसतात." पण या सगळ्या गोतावळ्याचा मूळपुरुष काही माझ्याकडे नव्हता. लाकडाचा, भात्याचा, ज्याच्या मागे उभं राहून काळ्या कपड्याखाली डोकं घालावं लागतं, तो. पुण्यात जुन्या बाजारात एकदा दिसला होता, पण त्याचा भाता उंदरांनी खाल्लेला आणि भिंग कोणी पोरानं सूर्याशी खेळायला पळवलेलं.

अशात मेहुण्याचं पत्र आलं. वसंता मुंबईला एका कचेरीत कारकून. चाळीतली खोली सोडून त्यानं खाडीपलीकडे वाशीला नवा फ्लॅट घेतला होता. त्यानं लिहिलं होतं, "भाऊजी, आमच्याकडे मासे विकायला येणारी ठकुबाई सांगते की तिच्या गावात, घणसोलीला, एका म्हातारीकडे फोटोची लाकडी पेटी आहे. घर पाडून नवं बांधणार आहेत, म्हणून पेटी कोणाला तरी द्यायची आहे. या."

दिवाळी उलटली होती, गिऱ्हाइकं थंडावली होती. दुकानाला कुलूप लावलं आणि पनवेलच्या एसटीत बसलो. घाट, उसाची गुऱ्हाळं, मळमळणारी पोरं यांचं वर्णन करत नाही, ती सगळ्यांनीच पाहिलेली आहेत.

वाशी मात्र पाहण्यासारखी होती. मी जन्मभर अशा गावांत वावरलो की जिथे आधी माणसं येतात, मग घरं, मग रस्ता, आणि दिवे आले तर आले. इथे सगळं उलट्या क्रमानं चाललेलं. रुंद रस्ते तयार, दिव्यांचे खांब तयार, फुटपाथ तयार, आणि त्यावरून चालायला माणूस नाही. एक गाय तेवढी चौकाच्या मधोमध बसून होती, तिला हटवण्याची कोणालाच गरज नव्हती. आमच्याकडे पेठांना वारांची नावं, इथे वस्तीला नुसते आकडे. वसंताच्या बिल्डिंगीसारख्या हुबेहूब आठ-दहा बिल्डिंगी होत्या आणि मी भलत्याच घराची बेल दाबली. दार उघडणाऱ्या बाईंनी मला आत बसवून पाणी दिलं, चहा टाकला, आणि मग विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?" त्याही नवीन होत्या. त्यांना वाटलं, मी त्यांच्या मालकांचा कोणी असेन.

रात्री वसंता मला शेजाऱ्यांकडे घेऊन गेला, कारण त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला होता. बिल्डिंगमधली निम्मी माणसं चपला बाहेर काढून बसली होती. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा शेंदरी दिसत होता आणि त्यांच्या साडीचा रंग मधूनच हलून बाजूला जात होता. तरी सगळे देवळात बसल्यासारखे गप्प होते. मीही होतो, खोटं कशाला बोला.

ठकुबाई

सकाळी ठकुबाई टोपली घेऊन जिना चढून आली. साठीची, काळी कुळकुळीत, कासोटा घट्ट मारलेलं लुगडं, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरच्या बायका भांडी घेऊन आपोआप खाली याव्यात.

"यो काय तुमचा पावना? पेटीवाला?" तिनं वसंताला विचारलं.

"हो. साताऱ्याहून आलेत खास."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "चांगुआय पेटी देल. पन तिची एक अट हाय."

"काय अट?"

"ती तिलाच इचार. मी सांगितली तं तू बसशील हसत, आन मना नाय हसाचा त्येवर."

ती स्वतः मात्र पदराआड हसत होती. वसंताचं ऑफिस होतं, म्हणून मी एकटाच निघालो. माझं डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक पेचकस घेतले, रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवला, आणि ठकुबाईच्या मागोमाग ठाण्याच्या बाजूला जाणारी बस धरली.

घणसोली

फाट्यावर उतरलं की उजव्या नाकपुडीत एक वास येतो आणि डाव्या नाकपुडीत दुसरा. एका बाजूला कारखाने, त्यांच्या धुराला कुजक्या फळांसारखा वास. दुसऱ्या बाजूला खाडी, चिखल आणि सुकत घातलेला जवळा. मधे भाताची कापलेली शेतं. ती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती, पण शहर अजून तिथवर पोचलेलं नव्हतं, म्हणून लोकांनी पेरून घेतलेलं. पुढे मिठागरं. पांढरे ढीग गवतानं शाकारून ठेवलेले, आणि उन्हात डोळे उघडे ठेवणं कठीण.

मला कोणी सांगितलं असतं की मासा चालतो, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ओहोटीच्या चिखलावर बोटाएवढे मासे डोळे वटारून बसले होते आणि पाय असल्यासारखे टुणटुण उड्या मारत होते. "निवट्या त्या," ठकुबाई म्हणाली. जवळून पाहायला मी बांधावरून एक पाऊल खाली टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. कोल्हापुरी होती. ठकुबाईनं मागं वळूनही न पाहता सांगितलं, "ऱ्हाव दे. खारी जमीन हाय ती, घेतलेला परत नाय देत."

म्हणून चांगुणाबाईंच्या अंगणात मी शिरलो तो एका पायात चप्पल आणि एका पायात खाडी असा. म्हातारी सत्तरीच्या पुढची, पाठ जरा वाकलेली, नाकातली मोरणी मात्र उन्हात चमकणारी. सगळं गाव तिला चांगुआय म्हणतं. तिनं काही न विचारता माझ्या पायावर तांब्या ओतला. तिचा मुलगा काशिनाथ, जवळच्याच कारखान्यात कामाला, त्या दिवशी सुट्टीवर होता. त्यानं सांगितलं, "पुढच्या महिन्यात हे घर तोडायचंय. स्लॅबचं बांधतो. खाली आमी, वर भाड्याला. तुमी पेटी न्या, आपलं एक टेन्शन कमी."

आत भिंतीवर फोटो लावले होते, आणि शेजारच्या उघड्या दारांतूनही दिसत होते. टोपी घातलेले पुरुष, रुमाल बांधलेले पुरुष, बैलाबरोबर पुरुष, नवरदेव आणि त्याचे मामा-काका. सगळे चांगुआयच्या नवऱ्यानं, जोमा फोटोवाल्यानं काढलेले. तरुणपणी ठाण्याच्या एका स्टुडिओत तो कामाला होता. तो स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकानं त्याला पेटी देऊन टाकली, आणि मग उभ्या खाडीकाठाचे फोटो यानंच काढले. पण मी कितीही शोधली तरी एकाही भिंतीवर एकही बाई दिसेना.

"बायकांचे फोटो नाहीत?" मी विचारलं.

काशिनाथ हसला, त्यानं आईकडे पाहिलं आणि पेटी काढायला माळ्यावर चढला.

पेटी

ती एका जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवली होती. काशिनाथनं ओटीवर आणून गाठ सोडली, आणि मी खालीच बसलो.

सागवान. कोपऱ्याकोपऱ्यावर पितळी पट्ट्या, कारण आपल्या दमट हवेत नुसता सरस टिकत नाही हे ज्यानं ती बनवली त्याला समुद्रापलीकडे बसून ठाऊक होतं. लोखंडाचा एक खिळा नाही. पितळी स्क्रूंच्या खाचा सगळ्या एकाच दिशेला लावलेल्या, म्हणजे एखादा जरी ढिला झाला तर लगेच डोळ्याला टोचेल. घड्याळजी म्हणून सांगतो, ही शिस्त मी स्विस घड्याळांतही क्वचित पाहिली आहे. भाता लाल चामड्याचा, घड्या अजून करकरीत. कॅमेरा म्हणजे सुरुवातीला एक अंधारी खोलीच होती, भिंतीला भोक असलेली. मग खोलीची पेटी झाली, मग पेटीत सरकणारी पेटी, आणि मग कोणाला तरी सुचलं की बाजाच्या पेटीसारखा भाता लावला तर सगळी खोली घडी घालून काखेत मारता येईल. ज्याला हे सुचलं त्याला त्या दिवशी झोप कशी लागली असेल, हा विचार मी कितीदा तरी केला आहे. आता ती घडी माझ्या मांडीवर होती. बोटानं किल्ली फिरवली तर दात्यांवरून भाता लोण्यासारखा पुढे सरकला. माझ्या अंगावर काटा आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"आवडली कं?" चांगुआय म्हणाली.

"मावशी, तुमची अट सांगा."

ती माझ्यासमोर बसली आणि तिनं काशिनाथला बाहेर खाडीचं पाणी बघायला पाठवलं. पोराच्या देखत सांगायचं नव्हतं. मग तिनं सांगितलं ते असं. तिचं लग्न झालं त्या वर्षीच गावात बोलवा उठली की या पेटीत माणसं उलटी दिसतात, खाली डोकं वर पाय. आणि उलटं टांगल्यावर लुगड्याचं काय होणार? खाली येणार. झालं. त्या दिवसापासून गावातली एकही बाई पेटीसमोर उभी राहिली नाही. लग्नात फोटो निघायचे ते पुरुषांचे. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी धवलारीण तर पेटी दिसली की नवरीला आत न्यायची.

"आन मानसा उलटी दिसतात हे त्यो कबूल करायचा," ती म्हणाली. "बोलायचा, उलटी दिसतात, पन लुगडी नाय पडत गो. ये, तूच बग. नायतं समोर बस, मी तुजा काढतो. सनावाराला बोलायचा. मी नाय गेली. समोर पन नाय आन मागं पन नाय."

"का?"

"आन खरा निगाला असता तं? गावाच्या बायका याला तशा दिसतात, हे मी बगितला असता तं? मंग त्याच्या ताटात जेवान वाढाचा कसा?"

तिनं पेटीवर हात ठेवला.

"त्यो गेला. मंग मी एकदा गुपचूप बगितला. काय नाय दिसला. नुसता उजेड. मना आथा येवराच पायजे. त्यो काय बगायचा ते दाव, आन पेटी ने. नाय दावलास तं घरासंगं जाव दे तिला."

मला वाटलं, हा तर डाव्या हाताचा मळ. पेटीबरोबरची तिवई लावली, पेटी चढवली, भिंगावरची टोपी काढली, काळ्या कपड्यात डोकं घातलं. आणि आत नुसता उजेड. मी भिंग उघडून पुसलं. भात्याला भोक आहे का ते पाहिलं. किल्ली पुढे-मागे केली. पाठीमागे बायका जमू लागल्या होत्या, त्यांची कुजबुज ऐकू येत होती, आणि कपड्याखाली मला दरदरून घाम फुटला होता. "सातारहून आयलाय म्हनं," कोणीतरी म्हणालं.

मग मी काचेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. स्वच्छ, पारदर्शक, नवी कोरी काच.

"मावशी, इथली जुनी काच कुठे आहे?"

तिचा चेहरा अभिमानानं फुलला. या गावात दसऱ्याला जाळी, विळे, नांगर, होडीची वल्ही, सगळी हत्यारं धुऊन पुसून त्यांना हळद-कुंकू वाहतात. नवरा गेल्यावर पहिल्या दसऱ्याला तिनं त्याची पेटीही काढली. सगळी लखलखीत केली, पण काच काही साफ होईना. "आंधली जाली व्हती काच. राखेनं घासली, सोड्यानं घासली, चिंच लावली. मंग फोटोफ्रेमवाल्याकरना नवी घातली. त्याच्या हत्याराला आंधली काच बरी दिसते कं?"

जुनी खाडीत टाकली होती.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती काच आंधळीच लागते. तिची एक बाजू मुद्दाम घासून दुधी केलेली असते, म्हणजे भिंगातून आलेलं चित्र तिच्यावर पडद्यासारखं थांबतं. स्वच्छ काचेतून ते आरपार निघून जातं. तिनं प्रेमानं त्या पेटीचा डोळा फोडला होता. पण हे मी तिला कसं सांगणार? मी एवढंच म्हणालो, "काच जरा आंधळी करावी लागेल."

"चांगल्या काचेला आंधली?" ठकुबाईनं विचारलं. माझ्या अकलेची तिला शंका येऊ लागली होती.

काच आंधळी करणं

काशिनाथनं धक्क्यावरच्या होड्यांच्या इंजिनवाल्याकडून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली. तोवर जेवण झालं. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि निवट्यांचं कालवण. सकाळी ज्यांना उड्या मारताना पाहिलं त्यांनाच ताटात पाहून मी जरा थबकलो. आमच्याकडे बोकड कापतात, पण आधी त्याच्याशी ओळख करून देत नाहीत. पहिला घास घेतला आणि मग तिसरी भाकरी कधी संपली ते कळलं नाही.

ओटीवर पोतं अंथरलं, त्यावर काच ठेवली, पेस्ट लावली आणि दुसऱ्या काचेच्या तुकड्यानं घासायला लागलो. माझे हात केसाएवढ्या स्प्रिंगा धरणारे. त्यांना जोर माहीत नाही. काच एकीकडे आंधळी होई, दुसरीकडे डोळस राही.

चांगुआय थोडा वेळ बघत होती. मग म्हणाली, "सर जरा." दोन्ही तळवे टेकवून ती वाटण वाटल्यासारखी घासू लागली, पुढे-मागे, मग गोल. खर्र खर्र आवाज हळूहळू मऊ झाला. मी मधूनमधून पाणी शिंपडत होतो. एकदाच तिनं विचारलं, "त्याची काच अशीच व्हती ना?" मी म्हणालो, अशीच. आणि खरंच, धुऊन उजेडात धरली तेव्हा ती काच धुक्यातल्या सकाळीसारखी झाली होती.

उन्हं कलली होती. काच बसवली, डोकं कपड्यात घातलं, किल्ली फिरवली, आणि सगळं घणसोली गाव एकदम समोर येऊन उभं राहिलं.

मी आयुष्यात किती कॅमेरे उघडले असतील, पण हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. चित्र नव्हे, जिवंत गोष्ट. कौलं लाल, माड हिरवे, खाडीचं पाणी हलतंय, आणि सगळं उलटं. वर जमीन, खाली आभाळ, त्या आभाळात बुडी मारल्यासारखे बगळे. दूर कारखान्याच्या चिमणीचा धूर खाली गळत होता. आदल्या रात्री ज्या टीव्हीसमोर आम्ही हात जोडून बसलो होतो त्याची मला कीव आली. इथे ना वीज, ना तार. एक भिंग, एक भाता आणि म्हातारीनं घासलेली काच.

"मावशी, या."

"आन समोर कोन?" ती म्हणाली.

बरोबर होतं. समोर बाई नसेल तर तिचा प्रश्न सुटतच नव्हता. मी बायकांकडे पाहिलं. सगळ्या एक पाऊल मागे सरल्या. चांगुआयची सून तर सरळ घरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. पुन्हा सगळं तिथेच येऊन अडलं. सूर्य कलत होता, थोड्या वेळात उजेड गेला असता.

तेव्हा ठकुबाईनं टोपली खाली ठेवली. "मी हुबी ऱ्हाते. पडला लुगडा तं पडला. या वयात कोन बगतंय माजा?" आणि ती अंगणाच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभी राहिली, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी.

चांगुआयनं देवाला जाताना घेतात तसा डोक्यावरून पदर घेतला आणि कपड्याखाली शिरली.

बराच वेळ काही नाही. कपड्याखालून फक्त तिची वाकलेली पाठ दिसत होती.

मग आतून आवाज आला. "उलटी हाय."

"आन?" ठकुबाईनं तिकडून विचारलं.

"लुगडा जाग्यावर हाय."

"नीट बग."

"नीटच बगते. निऱ्या पन जाग्यावर हायेत. कासोटा पन. तुज्या पायातली जोडवी दिसतात वर."

अंगणात जो हशा उठला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. बायका पुढे धावल्या. सून दार उघडून आली. एकेकीनं कपड्यात डोकं घातलं, एकेकीनं समोर उभं राहून घेतलं, आणि आतून ओरडा: "तुजा नाक बग गो", "पानी वर चरलाय", "माजा घर टांगलाय".

चांगुआय मात्र ओटीच्या पायरीवर जाऊन बसली होती. तिचं तोंड हसल्यासारखं दिसत होतं, पण हसत नव्हतं.

"लुगडी नाय पडत," ती मला म्हणाली. "त्यो खरा बोलत व्हता."

मी तिच्याशेजारी बसलो. मग गळ्यातला रोलचा कॅमेरा पुढे केला. "मावशी, तुमचा फोटो काढू? यात रोल आहे."

"त्यो तुजा कॅमेरा. मना यात बसाचाय."

"पेटीत फोटो उमटायची प्लेट नाही. फोटो निघणार नाही. मुंबईहून सामान आणतो, दोन दिवसांत काढू."

"फोटो कुनाला पायजे?" ती म्हणाली. "त्यो बोलवायचा, ये गो, जरा बस. मना बसाचाय."

काशिनाथनं आतून पाट आणला, मग तो ठेवून घडवंची आणली. ती बसली. हात मांडीवर, पदर सारखा केलेला. बायका आपोआप बाजूला झाल्या. मी पेटी पुढे घेतली, भाता पूर्ण बाहेर काढला आणि कपड्याखाली गेलो. काचेवर ती उलटी उतरली. वर हिरवट लुगडं, मधे सुरकुत्यांचे हात, खाली पांढरे केस, आणि केसांच्याही खाली संध्याकाळचं पिवळं आभाळ. मी डोळ्याला भिंग लावलं आणि किल्लीनं तिचा चेहरा नेमका केला.

"हालाचा नाय ना?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. हलू नका."

ती हलली नाही. गालावरून पाणी निघालं होतं, ते काचेवर हळूहळू वर चढत गेलं, हनुवटीपाशी थांबलं, आणि तरीही ती हलली नाही. काढायचं काही नव्हतं. जोमा फोटोवाल्याला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ मी तिच्याकडे बघत राहिलो.